हाताला चाळा

बंगळूरला आल्यापासून पाण्याच्या आवाजाने मला जाग येते. हे वयाचे लक्षण नव्हे, त्या शहराचे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या बोअरवेली आटल्या होत्या, पाण्याचे टँकर पहाटेपासून फाटकाशी येऊन उभे राहत होते, आणि शहराच्या कडेच्या ११० गावांसाठी आखलेल्या कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन व्हायला अजून ऑक्टोबर उजाडायचा होता. अशा दिवसांत रात्री अडीच वाजता कोठूनतरी ‘टप्, टप्, टप्’ असे ऐकू आले, तर कृष्णाकाठच्या मिरजेत आयुष्य काढलेल्या माणसालाही अंथरुणात पडून राहणे पाप वाटू लागते. मी उठलो. स्वयंपाकघराचा नळ चाचपला, तो कोरडा होता. न्हाणीघरातली बादलीही कोरडीच होती. आवाज येत होता तो मुलाच्या कामाच्या खोलीतून.

दार अर्धवट उघडे होते. दिवा लावलेला नव्हता. संगणकाच्या पडद्यावर फिकट निळ्या वर्तुळांच्या रांगाच्या रांगा मांडल्या होत्या आणि मुलगा एकेका वर्तुळावर बाण नेऊन बोट दाबीत होता. दाबले की वर्तुळ चेपल्यासारखे होई आणि तो आवाज येई. त्याची मुद्रा खेळणाऱ्याची नव्हती, कंटाळलेल्याचीही नव्हती. भाजी निवडताना बायकांची जशी असते, तशी होती.

“काय करतोस रे?”

“काही नाही, बाबा. तुम्ही झोपा.”

“नळ गळतोय असं वाटलं.”

तो हसला. “फुगे फोडतोय,” म्हणाला.

एक्केचाळीस वर्षांचा, एका मुलीचा बाप असलेला, शंभरएक माणसांच्या कामावर देखरेख ठेवणारा अभियंता मध्यरात्री काळोखात बसून फुगे फोडतो, हे ऐकून बापाने काय म्हणावे? मी काहीच म्हटले नाही. पण झोप लागली नाही, आणि भिंतीपलीकडचा तो ठिबकणारा आवाज पुष्कळ वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सारे समजावून सांगितले. काही आठवड्यांच्या अंतराने त्याच्यावर रात्रीची पाळी येते. घरातच असायचे, झोपायलाही हरकत नाही, पण कोठे काही बिघडले की फोन कर्कश वाजू लागतो आणि पाच मिनिटांच्या आत यंत्रापुढे बसावे लागते. बिघाड कधी दहा मिनिटांत सापडतो, कधी चार तासांत. सापडल्यानंतर मात्र झोप येत नाही. अंगात चढलेली घाई उतरायला जागा नसते. त्या वेळी तो हे पान उघडतो. ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला की ते समोर येते. काही उतरवून घ्यावे लागत नाही, नाव सांगावे लागत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत. जिंकणे नाही, हरणे नाही. फुग्यांचा एक तक्ता फोडून संपला की दुसरा आपोआप भरून येतो. द्रौपदीच्या थाळीला निदान दिवसाची मर्यादा होती.

अशी पुष्कळ पाने आहेत. एकावर वाळू सांडता येते, एकावर रंगीत पाणी ढवळता येते, एकावर नुसतीच बटणे असतात, दाबावी आणि सोडावी. एकावर तीन पाकळ्यांची भिंगरी आहे. २०१७ साली हातात धरून फिरवण्याच्या भिंगऱ्यांचे खूळ जगभर पसरले होते, तेव्हा गूगलनेही आपल्या शोधाच्या पानावर अशी एक भिंगरी ठेवली होती. मुलाने ती कशी चालते ते मला सांगितले आणि शाळेत सहकाऱ्यांकडून कानावर पडलेले गणित आठवून मला ते आवडले. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले जाते. दर खेपेस भिंगरीचा वेग एकाहून किंचित कमी अशा आकड्याने गुणायचा, समजा ०.९९ ने. हेच घर्षण. एका सेकंदात वेग निम्म्याच्या जरा वर उरतो, दहा सेकंदांनी जवळजवळ काहीच नाही. पण गंमत अशी की गुणाकाराने तो शून्य कधीच होत नाही. डोळ्याला दिसेनासा झाला तरी यंत्राच्या पोटात तो शिल्लकच राहतो. म्हणून लिहिणाऱ्याला एक ओळ मुद्दाम घालावी लागते, की वेग इतका कमी झाला की त्याला शून्यच समज. “नाहीतर ती थांबतच नाही, बाबा,” तो म्हणाला.

इंग्रजीत या साऱ्यांना जे नाव आहे, त्यासाठी मराठीला शब्द उसना घ्यावा लागत नाही. आपल्याकडे ‘चाळा’ आहे. मोठा गुणी शब्द आहे, फक्त त्याचे अनेकवचन बदनाम आहे. ‘चाळा’ हाताला असतो, ‘चाळे’ माणूस करतो. हाताला चाळा हवा म्हणून कुणी काही करीत असेल तर आपण समजून घेतो. तोच माणूस चाळे करू लागला की कान पकडतो. या दोहोंमधली सीमारेषा कोण ठरवते, असा प्रश्न मला शाळेतल्या पस्तीस वर्षांत कधी पडला नाही. ती रेषा मीच होतो.

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. आज तोही पन्नाशीला आलेला असेल. सोडावॉटरच्या बाटलीचे पत्र्याचे बूच दगडाने ठोकून चपटे करायचे, खिळ्याने त्याला दोन भोके पाडायची, त्यांतून दोरा ओवून गाठ मारायची आणि दोन्ही हातांत दोरा ताणून सैल सोडीत ते बूच फिरवायचे, ही भिंगरी माझ्या पिढीतल्या कुणालाही सांगायला नको. त्याच्याजवळ ती सदैव असे. बाकाखाली हात, दोऱ्याला पीळ, आणि माझे शिकवणे चालू असताना एक बारीक ‘भुर्र’. त्याला मी अधूनमधून अचानक उभे करून प्रश्न विचारी. उत्तर बरोबर येई. याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्याकडे न पाहता त्याने माझे ऐकावे, हेच मला सहन होत नव्हते. एके दिवशी मी ती भिंगरी हिसकावून घेतली आणि पट्टीने त्याच्या तळहातावर चार छड्या दिल्या. हात पुढे धरतानाही त्याची बोटे हलत होती, ही गोष्ट मला तेव्हा उद्धटपणाची वाटली.

त्यानंतर वर्षभर तो हात मांडीवर ठेवून गप्प बसला. प्रश्न विचारला की दचकून उभा राही, आणि मी काय शिकवीत होतो हे त्याला सांगता येत नसे. मी शेऱ्यांच्या वहीत लिहिले, ‘वर्तन सुधारले, अभ्यासात लक्ष नाही.’ हे वाक्य मला अजून पाठ आहे.

आता सांगायला लाज वाटते, पण त्याच सुमारास कालिदासाचा तो सुप्रसिद्ध प्रसंग मी वरच्या वर्गांना रंगवून सांगत असे. कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गात सप्तर्षी हिमालयाकडे येतात, अंगिरस शिवासाठी पार्वतीला मागणी घालतो, आणि बापाच्या शेजारी उभी असलेली पार्वती मान खाली घालून हातातल्या लीलाकमलाच्या पाकळ्या मोजत राहते. लाज हा शब्द नाही, आनंद हा शब्द नाही. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ध्वनीचे उदाहरण म्हणून हा श्लोक घेतला, त्यालाही आता हजारांहून अधिक वर्षे झाली. जे तोंडाने बोलले जात नाही ते बोटे बोलतात, असे मी फळ्याकडे पाठ करून तल्लीनतेने सांगत असे. पण लीलाकमल म्हणजे काय? हाती धरून खेळवायचे कमळ. राजकन्येचा चाळा. तिच्या हाती कमळ होते, माझ्या विद्यार्थ्याच्या हाती सोडावॉटरचे बूच होते, एवढाच फरक. कमळ असते तर मी मारले नसते.

घरात तरी मी दुसरे काय पाहिले होते? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते. मी चौदा वर्षांचा होतो. चारच्या पुढे केव्हातरी फडताळातली भांडी वाजू लागली आणि वडिलांनी आम्हाला अंगणात ओढून काढले. कोयनेचा भूकंप होता हे नंतर कळले. तिकडे कोयनानगरात काय झाले हे तर त्याहून उशिरा कळले. अंगणात थंडी होती, आम्ही भावंडे एका घोंगडीत होतो. वडील पानाचा डबा बरोबर घेऊन आले होते. ते अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले. एक संपली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. खाल्ली मात्र एकही नाही. उजाडले तेव्हा त्यांच्या पुढ्यात सुपारीचा ढीग होता. आजी तुळशीपाशी बसून वाती वळीत होती. आत जाऊन कापूस केव्हा आणला, देव जाणे. जमीन पुन्हा हलली तेव्हा आम्ही ओरडलो. आजीचा हात थांबला नाही. मी तिला विचारले, “आजी, आत्ता कशाला गं वाती?” ती म्हणाली, “रिकामे हात थरथरतात, बाळा.”

आता कुणी म्हणेल की आजीच्या हातून वात तरी निघत होती. तिचा दिवा लागे. वडिलांची सुपारी चार माणसांना पुरे. गांधीजींच्या तकलीवर सूत निघे. तुमच्या पडद्यावरच्या फुग्यातून काय निघते? हा आक्षेप मीही काही दिवस मनात बाळगला. पण मग जपमाळेतून काय निघते? एकशेआठ मणी ओढायचे, मेरुमण्यापाशी यायचे, तो न ओलांडता माळ फिरवायची आणि पुन्हा तेच मणी. २००७ साली जपानच्या बान्दाई कंपनीने कधीही न संपणाऱ्या फुग्यांचे एक खेळणे काढले होते. किल्लीला अडकवायचे, आठच फुगे, कितीही वेळा फोडा. दर शंभर फुग्यांनंतर त्यातून एक निराळाच आवाज निघे. ते वाचून मला आजीची गोमुखी आठवली. देवाचे नाव वजा केले तर बाकी काय उरते, हा प्रश्न श्रद्धाळूंना रुचणार नाही. पण बोटांना विचारला तर त्यांचे उत्तर वेगळे येईल अशी मला शंका आहे.

या फुग्यांचा इतिहासही मौजेचा आहे. १९५७ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या हॉथॉर्न गावी आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी न्हाणीघराचे दोन प्लास्टिकचे पडदे एकमेकांस चिकटवले. त्यांना भिंतीला लावायचा खडबडीत कागद करायचा होता. तो कुणी घेतला नाही. पुढे आयबीएमचे १४०१ हे संगणक सुखरूप पोचावेत म्हणून त्यांच्याभोवती हे फुग्यांचे वेष्टन गुंडाळू लागले आणि तेथून त्याचे नशीब उघडले. संगणकाला धक्का लागू नये म्हणून ज्याने बाहेरून मार खाल्ला, तो फुगा आता संगणकाच्या आत जाऊन बसला आहे आणि माणसाला धक्का लागू नये म्हणून फुटतो आहे. १९९२ मध्ये कॅथलीन डिलन या अमेरिकन अभ्यासिकेने विद्यार्थ्यांना हे प्लास्टिकचे फुगे फोडायला लावून त्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतली होती. फोडल्यावर ते अधिक शांत आणि कमी थकलेले असल्याचे तिला आढळले. तिकडे ब्रिटनमध्ये जॅकी अँड्रेड यांनी चाळीस माणसांना एक कंटाळवाणा निरोप फोनवरून ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरच्या आकृत्यांत पेन्सिलीने रेघा भरायला सांगितल्या. ज्यांचे हात गुंतले होते त्यांना २९ टक्के अधिक आठवले. हा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. माझ्या सेवानिवृत्तीला तेव्हा एक वर्ष उरले होते. शेऱ्यांची वही दुरुस्त करायला मात्र फार उशीर झाला होता. असल्या लहान प्रयोगांवर फार मोठे इमले बांधू नयेत हे मला समजते, आणि हातातल्या भिंगऱ्यांनी मुलांचे चित्त एकाग्र होते या दुकानदारांच्या दाव्यांना वैद्यकाने दुजोरा दिलेला नाही, हेही वाचले आहे. तरीपण त्या २९ च्या आकड्याने मला एक रात्र जागवले.

माझी तक्रार फुग्यांबद्दल नाही. ती निराळी आहे. मुलाला त्या पानाचा पत्ता कुणी दिला, असे मी विचारले तेव्हा कळले की तो त्याच्या कचेरीनेच दिला. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी म्हणून दर सोमवारी एक पत्र येते. त्यात दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, खिडकीबाहेर पाहा आणि दोन मिनिटे हे फुगे फोडा, असे लिहिलेले असते. त्याच पत्त्यावरून मंगळवारी कामाच्या नव्या मुदती येतात. माझ्या आजीला वाती वळ असे भूकंपाने सांगितले नव्हते.

खिडकीबाहेर पाहा हा सल्ला तर या रस्त्यावर विनोदीच आहे. खाली सर्जापूर रोड. इब्बलूरच्या चौकापासून दोड्डकन्नल्लीपर्यंत संध्याकाळी वाहनांचे तांबडे दिवे इतके दाट असतात की रस्ता हलतो आहे की नुसता श्वास घेतो आहे हे समजत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी विप्रोचे अझीम प्रेमजी यांना पत्र लिहिले, की तुमच्या सर्जापूरच्या आवारातून थोडी वाहने जाऊ द्या, म्हणजे इब्बलूरची गर्दी हलकी होईल. त्यांनी सभ्यपणे नकार कळवला. कधी रिक्षातून जाताना मी लोकांचे हात पाहतो. कुणी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरलेला असतो, कुणी फोनच्या काचेवर अंगठा नुसताच वरखाली सरकवतो, काहीही न वाचता. आमचा रिक्षावाला आरशाला लावलेल्या मोत्यांच्या माळेचा एकेक मणी ओढीत असतो. कैकोंड्रहळ्ळीचे तळे याच रस्त्याला लागून आहे. तेथे सकाळी पाणकावळे पंख पसरून बसतात, पण ते पाहायला येणाऱ्यांत माझ्याच वयाची माणसे अधिक. तरुणांना तेथवर पोचायला वेळ नाही म्हणून तर फुगे घरात आले. तंत्रज्ञानाच्या अतिरेकाने हैराण झालेल्यांसाठी याच शहरात निम्हान्सने २०१४ मध्ये एक स्वतंत्र उपचार केंद्र उघडले आहे, हे मी एकदा मुलाला सुचवून पाहिले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की विषय बदलावा लागला. “बाबा, मला यंत्राचं व्यसन नाही. यंत्राला माझं आहे,” तो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात एका रात्री तोच आवाज पुन्हा ऐकू आला. आता मला तो नळाचा वाटत नाही. मी उठून गेलो. पाळीची रात्र नव्हती, हे मला ठाऊक होते. सून मुलीला घेऊन माहेरी हुबळीला गेली होती. तो पूर्वीसारखाच काळोखात बसला होता, पण या खेपेला फुग्यांच्या शेजारी टपालाचे पान उघडे होते.

“काय झालं?”

“अजून काही नाही. सहा वाजता मेल येणार आहे. ज्यांना यायचा त्यांना.”

कशाचा मेल, हे विचारण्याची गरज नव्हती. २०२३ च्या जानेवारीपासून मोठमोठ्या कंपन्यांनी हजारो माणसांना असेच पहाटेच्या पत्रांनी घरी पाठवल्याच्या बातम्या मी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. वाचताना तो आकडा असतो. सव्वाचार वाजले होते. कोयनेच्या वेळेशी जवळजवळ जुळणारी वेळ. अंगात पुन्हा तीच थंडी भरली. मी शाल घेऊन आलो आणि दुसरी खुर्ची ओढली. चहा करू का विचारले. नको म्हणाला. मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

“मला दे,” मी म्हटले.

त्याने माऊस माझ्याकडे सरकवला. माझे पहिले चारपाच फुगे फुटलेच नाहीत. “दाबून धरू नका, बाबा. दाबायचं आणि सोडायचं.” मग जमू लागले. आवाज पहिल्या खेपेला एक, दुसऱ्या खेपेला किंचित वेगळा. तसे मुद्दाम केलेले असते म्हणाला, नाहीतर कान कंटाळतो. एक ओळ मी फोडायची, एक त्याने, असे आपोआप ठरले. मध्येच मी त्याला त्या भिंगरीवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. शेऱ्यापर्यंत आलो तेव्हा तो फोडायचा थांबला होता. म्हणाला, “मीसुद्धा त्याच शाळेत होतो, बाबा. तुमच्या तासाला मी हात पाठीमागे बांधून बसायचो.” हे मला माहीत नव्हते. म्हणजे मुलगा माझ्या वर्गात होता हे माहीत होते. त्याचे हात मी कधी पाहिले नव्हते.

पावणेसहाला खाली पहिला टँकर आला. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटे झाली. त्याने टपालाचे पान तीनदा नव्याने उघडून पाहिले. काही आले नाही. तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या टेबलावर सात वर्षे बसणारा त्याचा सहकारी होता, मूळचा ओडिशाचा. घरी दोनदा जेवायला आला होता. मुलगा फोन कानाला लावून ऐकत राहिला. मध्येच ‘हं’ म्हणे, मध्येच नुसता श्वास. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता, मग हिंदीत, मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

मुलाने उजव्या हाताने यंत्राचा आवाज बंद केला आणि फोन कानाशी तसाच धरून फुगे फोडू लागला. एक ओळ, दुसरी ओळ. आता आवाज येत नव्हता, वर्तुळे नुसती चेपत होती. मी काही बोललो नाही. तक्ता संपला आणि भरून आला. मी उठून चहाचे आधण ठेवले.